चाकातली घरघर: आवाज ओळखण्यापासून बेअरिंग बदलण्यापर्यंत

जानेवारीच्या अखेरीस आमच्या गाडीतून घासल्यासारखा आवाज यायला लागला. ताशी ४० किलोमीटरच्या खाली काहीच ऐकू यायचं नाही. ४० च्या पुढे गेलं की पायाखालून बारीक घरघर सुरू व्हायची आणि ६० पर्यंत ती इतकी वाढायची की मागे बसलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागे. गाडी साधी, हातानं गिअर टाकायची, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी, ८०,००० किलोमीटरच्या पुढे धावलेली. गाडी शिकून बरीच वर्षं झाली असली तरी बॉनेटच्या आतलं मला वायपरचं पाणी भरण्यापलीकडे फारसं ठाऊक नव्हतं.

पहिले काही दिवस भीतीच जास्त होती. चाक निखळलं तर? ब्रेक लागलेच नाहीत तर? शोधायला गेलं की घासल्याच्या आवाजाची कारणं ब्रेकपासून गिअरबॉक्सपर्यंत कुठलीही निघतात आणि त्यातलं आपलं कोणतं हे कोणीच सांगत नाही. आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून घडलं तसं क्रमानं लिहिते आहे. तुमच्या गाडीचं कारण वेगळं असू शकेल, पण ते शोधण्याची वाट बहुधा हीच असेल.

सर्वांत आधी मी ब्रेक तपासायचं ठरवलं, कारण जिवाला धोका तिथे सगळ्यांत जास्त. ब्रेक पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी दाबून थांबवणारे तुकडे; ते झिजत आले की बऱ्याच गाड्यांत आधी कर्कश किंचाळी येते. पॅडला लावलेली छोटी पत्र्याची पट्टी डिस्कला लागावी आणि आपल्याला इशारा मिळावा, अशी ती सोय असते. त्याकडे दुर्लक्ष झालं आणि पॅडचा मसाला संपला की लोखंडावर लोखंड घासतं आणि ब्रेक दाबल्यावर खर्रर्र असा आवाज येतो. तो आवाज असेल तर गाडी पुढे चालवायचीच नाही. आमचा आवाज ब्रेक हलकेच दाबला तरी तसाच राहायचा, वाढायचा नाही की बदलायचा नाही. आलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं तर बाहेरचा पॅड जाड दिसत होता. आतला पॅड मात्र चाक न काढता दिसत नाही, हे लक्षात ठेवा. त्याचा संबंध पुढे येणारच आहे.

डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो, त्यात खडा अडकला किंवा तो पत्रा वाकला तरी भयंकर आवाज येतो. पण तो अगदी हळू चालवतानाही येतो, वेगाबरोबर त्याची लय वाढते आणि गाडी थोडी मागे घेतली की कधीकधी खडा आपोआप पडतो. आमच्याकडे कमी वेगात शांतता होती, म्हणून तेही बाजूला ठेवलं.

मग टायर. टायरच्या पृष्ठभागावरून तळवा फिरवला की तो एकसारखा झिजलाय की खाली-वर झालाय हे कळतं. ठिकठिकाणी खोलगट झिजलेला टायर खराब बेअरिंगसारखाच घुमतो (बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर सहज फिरतं ते गोळ्यांचं कडं) आणि भलेभले फसतात. टायरच्या दुकानात पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेतले. हा अगदी कमी खर्चाचा उपाय आहे आणि टायरचं आयुष्य वाढवण्यासाठी तो तसाही करायचाच असतो. आवाज टायरचा असता तर तो मागे सरकला असता किंवा त्याचा पोत तरी बदलला असता. काहीच फरक पडला नाही.

तेव्हा मी गाडी पहिल्या गॅरेजमध्ये नेली. जॉब कार्डावर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर, लिहिलं गेलं, ‘गाडीला आवाज येतो’. एवढंच. तिथल्या माणसानं गाडी एक चक्कर मारून आणली आणि सांगितलं, ‘मॅडम, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. उतरवून उघडावा लागेल. आत काय निघेल ते उघडल्यावर कळेल.’ गाडी किती दिवस ठेवावी लागेल ते नक्की नाही, खर्चही नक्की नाही. पोटात गोळा आला. गिअरबॉक्स उघडणं हे गाडीच्या मोठ्या कामांपैकी एक. आमच्या गाडीच्या वयाला ते परवडेल का, हाच विचार डोक्यात फिरायला लागला. मी अंदाजपत्रक लेखी मागितलं. त्यावर गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा आकडा होता आणि सुट्या भागांपुढे ‘नंतर’ असं लिहिलेलं होतं. सही न करता कागद घेतला आणि कळवते म्हणून निघाले. अशा वेळी समोरचा माणूस घाई करत असला तरी एक रात्र मागून घ्या. गाडी चालती असेल तर ती रात्र मिळतेच.

घरी धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, आवाज कसा येतो ते सोड. कधी येतो आणि कशानं बदलतो ते आधी बघू.’ पुढच्या सगळ्या कामाला त्या वाक्यानं दिशा मिळाली.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर गेलो. तो चालवत होता, मी वही घेऊन शेजारी. खिडक्या बंद, पंखा बंद, गाणी बंद.

आधी गाडी उभी करूनच इंजिनाचा वेग वर नेला. घरघर नाही. म्हणजे अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पट्ट्याच्या पुल्या यांच्यापैकी कोणाचा आवाज नाही, कारण गाडी उभी असतानाही हे सगळं फिरत असतं. मग क्लच दाबून-सोडून पाहिलं. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा आणि दाबल्यावर बंद झाला तर गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

पुढची तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ताशी ६० चा वेग ठेवून भावानं गाडी आधी चौथ्या गिअरमध्ये चालवली, मग तिसऱ्यात. इंजिनाचा सूर बदलला, घरघर जशीच्या तशी. मग त्याच वेगात क्लच दाबून गिअर न्यूट्रलला टाकला आणि गाडी आपल्या वेगानं जाऊ दिली. इंजिन जवळजवळ गप्प झालं आणि घरघर उलट जास्त स्पष्ट ऐकू आली. गाडीचा वेग उतरला तशी तीही उतरत गेली. म्हणजे तिचं नातं चाकांच्या फिरण्याशी होतं, इंजिनाशी नाही. हे करताना इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही एकदोनदा दाबल्यावर संपते. चावी काढली तर स्टिअरिंग अडकूही शकतं.

यावरून गिअरबॉक्स संशयातून पूर्ण सुटला असं म्हणता येत नव्हतं. न्यूट्रलमध्येही त्याच्या आतला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग, चाकांबरोबर फिरतच असतो. म्हणून पुढची चाचणी. पुढेमागे कोणी नाही हे पाहून भावानं मध्यम वेगात गाडी हलकेच उजवीकडे, मग हलकेच डावीकडे झुलवली. उजवीकडे वळताना घरघर दुप्पट झाल्यासारखी वाटली. डावीकडे वळताना ती जवळजवळ विरून गेली. परत केलं, परत तेच.

गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डाव्या चाकांवर जातं. खराब झालेल्या बेअरिंगवर ओझं वाढलं की ते जास्त ओरडतं, ओझं कमी झालं की गप्प होतं. म्हणून उजव्या वळणावर वाढणारा आवाज साधारणपणे डाव्या चाकाचा. ‘साधारणपणे’ म्हणते, कारण काही बेअरिंगांच्या बाबतीत हा ठोकताळा चुकतो. आणि कानांवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. गाडीच्या पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो. मला तो सुरुवातीपासून उजव्या बाजूनं येतोय असं वाटत होतं.

शेवटी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून, थोडा ॲक्सिलरेटर देत गोल चकरा मारल्या. ॲक्सलचा, म्हणजे चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा, सांधा खराब असता तर अशा वेळी टक-टक-टक ऐकू आलं असतं. शांतता होती. खडबडीत डांबरी रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आलो तेव्हा टायरांचा आवाज बदलला, पण त्याखालची घरघर तीच राहिली. हे सगळं वहीत उतरवून मी एका पानावर स्वच्छ लिहून काढलं: किती वेगाला सुरू होतो, गिअर बदलल्यावर काय होतं, न्यूट्रलमध्ये काय, ब्रेक दाबल्यावर काय, उजवीकडे काय, डावीकडे काय, टायर बदलून पाहिले का.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गुरुवारची वेळ मिळाली. तोपर्यंत गाडी फक्त जवळपास आणि हळू चालवली. मेकॅनिकनं तो कागद उभ्या उभ्या वाचला, मला शेजारी बसवलं आणि ज्या वळणावर आवाज वाढतो तिथेच गाडी घेऊन चला म्हणाला. जॉब कार्डावर या वेळी मी स्वतः सांगून लिहून घेतलं: ‘४० च्या पुढे घरघर, उजव्या वळणावर वाढते, न्यूट्रलमध्ये कायम.’ तक्रार अशी लिहिली असेल तर काम झाल्यावर त्याच कसोटीवर गाडी तपासून ताब्यात घेता येते.

लिफ्टवर गाडी चढवल्यावर त्यानं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. घड्याळात १२ आणि ६ असतात त्या जागी धरून हलवलं की बेअरिंगची ढील कळते. ३ आणि ९ च्या जागी धरलं की स्टिअरिंगच्या सांध्यांची. ढील अजिबात नव्हती. हे ऐकून माझा धीर सुटला, परत गिअरबॉक्सवर येणार असं वाटलं. पण त्यानं सांगितलं की ढील येण्याच्या बऱ्याच आधी बेअरिंग आवाज करायला लागतं, म्हणून ढील नाही एवढ्यावरून ते चांगलं ठरत नाही. मग त्यानं मला पुढे बोलावलं. ‘इथे स्प्रिंगवर बोटं ठेवा,’ म्हणाला आणि चाक हातानं फिरवलं. उजव्या बाजूची स्प्रिंग निश्चल होती. डाव्या बाजूला बोटांखाली स्पष्ट खरखर जाणवली, मिक्सरच्या भांड्याला हात लावल्यासारखी. इतके दिवस नुसती ऐकू येणारी गोष्ट हाताला लागली आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली.

पॅड घासत असेल तरी अशी खरखर येऊ शकते, म्हणून त्यानं चाक आणि कॅलिपर (पॅड दाबून धरणारा भाग) काढून नुसता हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, फिरवला. खरखर कायम. आणि तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. त्याच चाकाचा बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होता, पण आतला जेमतेम ३ मिलिमीटर राहिला होता. पॅडचा मसाला नवा असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि ३ वर आला की बदलायचा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून जाम झाल्या होत्या, त्यामुळे सगळा भार एकट्या आतल्या पॅडवर येत होता. आवाजाशी त्याचा संबंध नव्हता, पण आणखी काही महिन्यांनी तिथूनही खर्रर्र आलंच असतं. डिस्कची जाडी मोजली. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, तो शोधून दाखवायला सांगा. आमची डिस्क त्याच्या वर होती, म्हणून ती वाचली.

बेअरिंग का गेलं? आत पोलादी कड्यांमध्ये गोळ्या असतात, ग्रीस असतं, दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. सीलमधून पाणी आणि बारीक माती आत गेली की ग्रीस धुपतं आणि कड्यांवर खड्डे पडतात. मोठ्या खड्ड्यात चाक जोरात आदळलं तरी कड्यांवर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि पुढे तिथूनच झीज सुरू होते. आमचं नेमकं कशानं गेलं हे सांगता येत नाही, असं मेकॅनिक सरळ म्हणाला. मला त्याचं ते बोलणं आवडलं. ‘अजून चालवू का?’ या माझ्या प्रश्नालाही त्यानं नीट उत्तर दिलं: ढील नाही तोवर हळूहळू घरापर्यंत जाता येईल, लांब किंवा वेगात नाही, ढील आली असती तर गाडी इथून हलवूच दिली नसती.

आता खर्चाचं. काही गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र येतं आणि बोल्ट खोलून अख्खं बदलता येतं; तो भाग महाग, मजुरी कमी. आमच्या गाडीत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला धरून ठेवणाऱ्या जाड लोखंडी भागात, प्रेसनं घट्ट बसवलेलं असतं; भाग स्वस्त, मजुरी जास्त. अंदाजपत्रकात बेअरिंग, ते जागेवर धरणारी कडी (सर्क्लिप), नवा ॲक्सल नट, पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड, पिनांची सफाई-ग्रीस आणि मजुरी असं वेगवेगळं लिहून घेतलं. एकूण रक्कम पहिल्या गॅरेजच्या नुसत्या गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपेक्षाही बरीच कमी निघाली. भाग मागवताना चासी क्रमांक द्या, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे की नाही यावरून बेअरिंग बदलतं. जुना भाग परत हवा, हेही आधीच कार्डावर लिहून ठेवलं.

बेअरिंग शुक्रवारी येणार होतं, ते सोमवारी आलं. मंगळवारी काम झालं आणि मी परवानगी घेऊन थांबले. ॲक्सलचा नट फार घट्ट असतो, तो गाडी जमिनीवर असतानाच एकानं ब्रेक दाबून धरल्यावर सैल केला. मग नकल उतरली, प्रेसखाली हब बाहेर आला आणि त्याच्याबरोबर जुन्या बेअरिंगचं आतलं कडं अडकून आलं, ते पुलरनं ओढून काढावं लागलं. नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा असतो आणि हब बसवताना आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा असतो. दाब चुकीच्या कड्यावर गेला तर तो गोळ्यांमधून जातो आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतं. शेवटी ॲक्सल नट टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळला.

संध्याकाळी चक्कर मारली. ४०, ५०, ६०, उजवं वळण. काहीही नाही. इतक्या दिवसांनी गाडीत शांतता होती आणि मला खरंच भरून आलं. तेवढ्यात डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला.

गाडी तशीच परत नेली. स्कॅनरवर पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल मिळत नाही असं आलं. सेन्सर पुसला, तार तपासली, दिवा परत लागला. मग मुख्य मेकॅनिकला शंका आली. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो आणि सेन्सर त्यावरूनच चाकाचा वेग मोजतो. ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. ज्यानं प्रेस केलं त्यानं बेअरिंग उलटं बसवलं होतं. दिसायला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. ओळखायला एक छोटं कार्ड मिळतं, ते पट्ट्यावर धरलं की चुंबकाच्या रेघा दिसतात. त्यानं शिल्लक पडलेल्या दुसऱ्या बेअरिंगवर ते मला करून दाखवलं.

आणि प्रेसनं बसवलेलं बेअरिंग बाहेर काढताना दाब गोळ्यांमधूनच जातो, त्यामुळे ते परत वापरता येत नाही. म्हणजे आणखी एक नवं बेअरिंग. पैसे कोणाचे, या प्रश्नाला मी घाबरून होते. जॉब कार्डावर आधी एबीएसचा दिवा बंद असल्याची नोंद होती, गाडी ताब्यात घेताना तेच सगळे दिवे तपासून लिहितात. त्या नोंदीमुळे वाद झालाच नाही. बेअरिंग आणि मजुरी दोन्ही गॅरेजनं सोसली आणि बिलावर तसं लिहून दिलं. दिवा लागलेला असताना साधे ब्रेक चालतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात, म्हणून मी गाडी तिथेच ठेवून रिक्षानं घरी आले. नवा भाग यायला परत वाट पाहावी लागली. या खेपेला प्रेस करण्याआधी मी कार्ड लावून बाजू दाखवा म्हटलं आणि त्यांनी न कुरकुरता दाखवली.

गाडी घरी आल्यावरही थोडं काम उरतं. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून सावकाश वेग कमी करणं बऱ्याचदा करायचं, एकदम जोरात ब्रेक टाळायचे. काढलेल्या चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर परत टॉर्क पान्यानं तपासून घ्यायचे. आमच्या गाडीत नकल आणि शॉकॲब्सॉर्बर जोडणारे बोल्ट काढले होते, त्यांच्यामुळे चाकाचा कल बदलू शकतो, म्हणून व्हील अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद बिलाला जोडून ठेवला. बेअरिंगची हमी बिलाच्या तारखेपासून चालते. आमच्याकडे दोन बेअरिंगांची नोंद असल्यानं हमी दुसऱ्या तारखेपासून धरावी, असं लिहून घेतलं.

उजव्या बाजूचं बेअरिंगही लगे हाथ बदलायचं का, असं त्यांनी विचारलं होतं. स्प्रिंगवर बोटं ठेवून मी ते चाक स्वतः फिरवून पाहिलं. गुळगुळीत फिरत होतं, म्हणून नाही म्हटलं. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे लागतात, नाहीतर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. बेअरिंगचं तसं नाही, ते खराब झालेलंच बदललं तरी चालतं. पुढच्या सर्व्हिसला तेवढं उजवं चाक परत फिरवून बघायचं, असं कार्डावर लिहून ठेवलं आहे.